'इनॉक्युअस'ला मराठीत काय म्हणाल?

लेखणी_नाशिक
नमस्कार मंडळी. आरोग्यविषयक माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मी करते. दवाखान्याबाहेरच्या बाकावर नंबर लागेपर्यंत लोक हातात घेऊन वाचतात, ती घडीची पत्रकं. सध्या त्वचेवरच्या तिळांबद्दलचं एक पत्रक माझ्याकडे आहे आणि त्यातल्या एका विशेषणावर गाडी अडली आहे: इनॉक्युअस. वाक्याचा आशय असा, की दिसायला इनॉक्युअस असलेला तीळसुद्धा बदलायला लागला तर डॉक्टरांना दाखवावा.

शब्दकोशात 'निरुपद्रवी' मिळतं, तेच लिहिलं होतं. मसुदा मोठ्याने वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तीळ कसला उपद्रव देतोय बाई? उपद्रव माकडांचा, उंदरांचा." त्यांचं म्हणणं मला पटलं. 'सौम्य' म्हणावं तर सौम्य म्हणजे थोडं का होईना, काहीतरी आहे. 'निर्धोक' रस्त्याला शोभतं. 'अपायरहित' कानाला सरकारी लागतं आणि वाचणारा तिथेच थांबतो.

तुम्ही काय म्हणाल? आणि त्याआधी, या शब्दाची खरी छटा कोणती? 'हार्मलेस' असा सोपा शब्द असताना इंग्रजी लिहिणारा 'इनॉक्युअस'कडे का वळतो?

मिरजेचा_तंबोरा
निरुपद्रवी. आणखी शोधायची गरज वाटत नाही. वाचणारा संदर्भाने समजून घेतो.

लाल_शाई
तंबोरेसाहेब, आधी त्या शब्दाचंच बघू. 'निर्' आणि 'उपद्रव' मिळून 'निरुपद्रव' हे विशेषण तयार झालेलंच आहे. त्याला आणखी 'ई' लावायची गरज नाही. निर्दय, निरपराध तसंच निरुपद्रव. पण निर्दयी, निरपराधी रुळले, तसं निरुपद्रवीही रुळलं, आता ते कुणी मागे नेणार नाही.

लेखणीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. इनॉक्युअसच्या मुळाशी लॅटिन 'नोकेरे' हे क्रियापद आहे, अर्थ इजा करणे. 'इन्' म्हणजे नकार. म्हणजे इजा न करणारं. याच नोकेरेपासून इनोसंट आला. त्याचाही मूळ अर्थ इजा न करणारा. निष्पाप, भोळा हे पुढचे. विषारी वायूला लावतात तो नॉक्शस याच घरातला. न्यूसन्ससुद्धा, फक्त तो फ्रेंचमधून फिरून आला. औषध खोटं असूनही 'याने त्रास होईल' या भीतीनेच त्रास होतो, त्याला नोसीबो म्हणतात, तोही यातलाच.

आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट: नोकेरेचं मूळ आणि संस्कृतातल्या 'नश्' धातूचं मूळ एकच मानतात. नाश, विनाश हे आपले रोजचे शब्द या घराण्याचे लांबचे भाऊबंद.

जाता जाता स्पेलिंगचं. इनॉक्युअसमध्ये दोन 'एन' आणि लस टोचण्याच्या इनॉक्युलेटमध्ये एकच. कारण इनॉक्युलेटचा नोकेरेशी संबंध नाही. तो 'ओक्युलस' म्हणजे डोळा, त्यावरून आला. झाडाच्या डोळ्याचं कलम करतात ना, तो डोळा.

पाणी_कधी_येणार
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "आज पाणी किती वाजता?" असा अगदी इनॉक्युअस प्रश्न टाका. संध्याकाळपर्यंत दोन जण ग्रुप सोडतात आणि एक जण वकिलांची भाषा बोलायला लागतो.

लीड्सचा_पावसाळा
पाणी_कधी_येणार यांनी गमतीत लिहिलं, पण शब्द नेमका वापरलाय. इथे इंग्लंडात हा शब्द कानावर पडतो तेव्हा त्याच्या मागेपुढे 'वरवर', 'दिसायला', 'म्हटलं तर' असं काहीतरी बहुतेक असतंच. उशीला कुणी इनॉक्युअस म्हणत नाही, कारण उशीवर कुणाचा संशयच नव्हता. जिथे धोका असू शकला असता तिथेच हा शब्द येतो. फुटबॉलच्या समालोचनात तर ठरलेलं आहे: इनॉक्युअस धक्का, आणि पुढच्या क्षणी खेळाडू स्ट्रेचरवर.

दुसरी छटाही आहे. कुणालाच दुखावणार नाही अशा बेताने केलेल्या भाषणाला इनॉक्युअस म्हणतात. त्यात जरा नापसंती असते. भाषण झालं, टाळ्या झाल्या, पण बोलणाऱ्याचं मत काय ते कुणालाच कळलं नाही.

ताई, तुमच्या वाक्यात पहिली छटा आहे. 'दिसायला' हा शब्द तिथे उगाच आलेला नाही.

गोविंदाग्रज_नाही
क्रिकेटमध्येही. "अगदी साध्या चेंडूवर बाद झाला" हे मराठी समालोचनात लहानपणापासून ऐकतोय. इंग्रजीवाले तिथे इनॉक्युअस डिलिव्हरी म्हणतात. मग ताई, 'साधा' का नको?

वऱ्हाडी_ठेचा
काहून एवढं डोकं लावून राह्यले? गोगलगाय अन् पोटात पाय. झालं तुमचं इनॉक्युअस!

लाल_शाई
ठेचाभाऊ, म्हण झकास आहे, पण गोगलगाईच्या पोटातले पाय म्हणजे लपवलेला डाव. माणसाच्या वृत्तीबद्दलची ती म्हण आहे. तिळाच्या मनात काहीच नसतं. तो साधा दिसतो यात त्याची लबाडी नाही, आपली नजर कमी पडते. माणसांसाठी आपल्याकडे 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' आहे, तो इनॉक्युअस माणूस. फार मऊ असला की मेषपात्र.

वऱ्हाडी_ठेचा
हे बी पटलं. पन 'अध्यात ना मध्यात' तिळाले कसं लावता?

मालवणचो_वारो
प्राण्यांसाठी आमचो शब्द कोणी विसरलात काय? कुत्रो भुकाक लागलो की घरातसून कोणतरी आराडता, "येवा येवा, गरीब आसा तो, काय करूचो नाय." गरीब म्हणजे पैसे नसलेलो नव्हे, इजा न करणारो. गरीब गाय, गरीब बैल. इनॉक्युअसाक याच्यापेक्षा गोड शब्द माका म्हायत नाय.

शेपटी_वळवळे
वारोदादा, गरीब हा अख्ख्या महाराष्ट्रात आहे, आमच्या साताऱ्यातही. 'मारकी नाही, गरीब आहे' असं सांगून गाय विकतात.

सापांबद्दल मला लिहायलाच हवं, कारण गावातले सर्पमित्र मला फोन करून बोलावतात आणि या शब्दाशी माझा रोजचा संबंध येतो. बिनविषारी म्हणजे धामण, दिवड, तस्कर, नानेटी, मांडूळ. हरणटोळ, मांजऱ्या हे निमविषारी. आणि ज्यांच्यापासून जिवाला खरा धोका ते चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. एवढं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. घोटाळा होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी, आणि दोघांच्याही काळपट अंगावर आडवे पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, मानेजवळ पट्टे पुसट किंवा नसतातच, पुढे ते बहुधा जोडीजोडीने दिसतात आणि शेपटीपर्यंत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते. पण रात्री, कंदिलाच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला खवले कुठून दिसणार? म्हणून आम्ही गावात एकच सांगतो: पट्टेवाला दिसला तर तो मण्यारच समजा आणि लांब राहा. मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

मण्यारीबद्दल आणखी एक. तिचा दंश फारसा दुखत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री चावते, त्याला डास चावल्याइतकंही कळत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, मग धावाधाव. 'दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही' या समजुतीने माणसं जातात.

डॉ_वर्धा
शेपटी_वळवळे यांच्या शेवटच्या वाक्यासाठी मी हा प्रतिसाद लिहितोय. माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी हे रोज ऐकतो. "गाठ आहे डॉक्टर, पण दुखत नाही, म्हणून आलो नव्हतो." आपल्या लोकांच्या मनात धोक्याचं माप वेदना हे आहे. दुखतं ते वाईट, दुखत नाही ते साधं. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही. बदलणारा तीळही दुखत नाही. म्हणून लेखणीताई, तुमच्या पत्रकात एक शब्द शोधण्यापेक्षा हा समज खोडणं जास्त महत्त्वाचं आहे.

शब्दांबद्दल म्हणाल तर आमच्याकडे इनॉक्युअस तपासणी अहवालात येत नाही. तिथे 'बिनाइन' येतो. बिनाइन म्हणजे ती गाठ आजूबाजूच्या पेशींमध्ये घुसत नाही आणि शरीरात दुसरीकडे पसरत नाही. एवढाच त्याचा अर्थ. तिच्यामुळे काहीच होणार नाही, असा नाही. मेंदूच्या आवरणाची मेनिन्जिओमा नावाची गाठ बहुतेक वेळा बिनाइन असते, पण कवटीत जागाच नसल्यामुळे ती मेंदूवर दाब आणते आणि तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. मोठ्या आतड्यातला काही प्रकारचा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला कोंब, आज बिनाइन असतो आणि काही वर्षांनी त्याचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून दिसला की काढतात. उलट कातडीखालची चरबीची गाठ बिनाइनही असते आणि बहुतेक वेळा इनॉक्युअसही. लहान मुलाच्या छातीला नळी लावल्यावर कधी कधी जास्तीचा आवाज येतो आणि हृदय मात्र अगदी निरोगी असतं. त्या आवाजाला आम्ही 'इनोसंट मर्मर' म्हणतो. लाल_शाई यांनी सांगितलेला जुना अर्थ वैद्यकात असा शिल्लक आहे.

मराठीत आम्ही बिनाइनला 'साधी गाठ' म्हणतो. मला तो शब्द वापरताना दर वेळी पुढचं वाक्य जोडावं लागतं: साधी आहे, पण दर सहा महिन्यांनी दाखवायची.

आयुर्वेदाची_विद्यार्थिनी
डॉक्टरसर, थोडं अवांतर. आमच्या अभ्यासात 'उपद्रव' ही पारिभाषिक संज्ञा आहे. मूळ रोगाच्या मागून, त्याच्याच आश्रयाने जो दुसरा त्रास उभा राहतो तो उपद्रव. तुम्ही ज्याला कॉम्प्लिकेशन म्हणता, ते. म्हणजे निरुपद्रव या शब्दाचा शास्त्रातला अर्थ 'ज्यातून पुढे गुंतागुंत होत नाही' असा होतो आणि तो तिळाला अगदी नेमका बसतो! मावशींना माकडं आठवली, कारण बोलण्यात शब्दाचा अर्थ निराळीकडे गेला.

लेखणी_नाशिक
हे मला माहीत नव्हतं, फार छान. पण पत्रक मावशींसाठी आहे. त्यांच्या कानातला अर्थ तोच खरा धरायला हवा.

मिरजेचा_तंबोरा
इथे माझा विरोध नोंदवतो. प्रत्येक शब्द वाचणाऱ्याच्या सवयीइतका लहान करत गेलो तर भाषेत शास्त्र कधी लिहिणार? 'बिनविषारी' हा शब्दही कुणीतरी घडवला आणि आज खेड्यातलं पोर तो सहज म्हणतं. निरुपद्रवी वापरत राहा, अर्थ रुळेल.

डॉ_वर्धा
तंबोरेसाहेब, पाठ्यपुस्तकात तुमचं म्हणणं मी मान्य करेन. दवाखान्याच्या बाकावर नाही. तिथे वाचणाऱ्याकडे एकच वेळ असते आणि अर्थ चुकला तर तो घरी जातो.

दर्यावर्दी_दापोली
व्यापारी जहाजावर नोकरी केली, म्हणून हे सांगतो. समुद्राच्या कायद्यात 'इनोसंट पॅसेज' अशी एक गोष्ट आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाचा. तरी परक्या देशाचं जहाज तिथून न थांबता जाऊ शकतं, अट एवढीच की त्या जाण्याने किनाऱ्यावरच्या देशाची शांतता, सुव्यवस्था आणि सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारात काय काय केलं तर जाणं 'इनोसंट' राहत नाही, याची यादीच दिली आहे: शस्त्रांचा सराव, माहिती गोळा करणं, मासेमारी, मुद्दाम केलेलं गंभीर प्रदूषण. पाणबुडीने तर पृष्ठभागावर येऊन, झेंडा दाखवत जायचं. आपल्या १९७६ च्या कायद्यानुसार परक्या युद्धनौकेने आधी सूचना द्यावी लागते.

इथे इनोसंटचं भाषांतर 'निष्पाप' केलं तर हसू येईल. जहाजाला कसलं पाप? 'निरुपद्रवी मार्गक्रमण' मात्र चपखल बसतं. तंबोरेसाहेबांचा शब्द समुद्रावर चालतो.

मिरजेचा_तंबोरा
आभारी आहे. निदान १२ मैलांपर्यंत तरी मला जागा मिळाली.

कोर्टाची_पायरी
कायद्यात आणखी एक नमुना आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ९५, आताच्या भारतीय न्याय संहितेत कलम ३३. झालेली इजा इतकी क्षुल्लक असेल की साधारण समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस तिच्याबद्दल तक्रारच करणार नाही, तर तो अपराध नाही. गर्दीत लागलेला धक्का वगैरे. इजा अजिबात नाही असं कायदा म्हणत नाही, मोजण्यासारखी नाही असं म्हणतो. मला वाटतं इनॉक्युअसच्या वापरातही हे बऱ्याचदा असतं, शून्य इजा नसते, दखल न घेण्याइतकी असते.

सूक्ष्मदर्शक_पाषाण
कायद्यानंतर जीवाणू. लिस्टेरिया मोनोसायटोजेनेस ही जात अन्नातून माणसाला गंभीर आजार देते. तिच्यासारखीच दिसणारी, पण आजार न देणारी दुसरी जात सापडली, तिचं नावच ठेवलं लिस्टेरिया इनोक्युआ. नावातच प्रमाणपत्र! पुढे एका रुग्णाच्या मृत्यूला तीही कारणीभूत ठरल्याची नोंद झाली. असे प्रसंग फार दुर्मीळ, पण नाव तेच राहिलं. अन्नाच्या कारखान्यात ही 'निरुपद्रवी' जात सापडली तरी सगळे सावध होतात, कारण जिथे ही वाढू शकते तिथे तिची घातक बहीणही वाढू शकते.

गिधाडमाळ
सूक्ष्मदर्शक यांच्या प्रतिसादातून मला या धाग्यात अजून कुणी न विचारलेला प्रश्न सुचला: निरुपद्रवी, पण कोणाला?

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. माणसं घेतात, गुरांनाही द्यायचे. गाईबैलांना त्याने आराम पडायचा, औषध स्वस्त, पशुवैद्यांच्या दृष्टीने काळजीचं कारण नव्हतं. मात्र औषध दिल्यावर लवकरच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. नव्वदच्या दशकापासून गिधाडं मरत होती आणि कारण कळत नव्हतं, रोगाची साथ असावी असंच वाटत होतं. पाकिस्तानातल्या संशोधनातून २००४ मध्ये हे औषध समोर आलं. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही असं तपासून मग ते पर्याय म्हणून पुढे आलं. म्हणजे या वेळी प्रश्न बरोबर विचारला, गाईला चालतं का आणि गिधाडालाही चालतं का.

रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी गिधाडं जपली आहेत. मी तिथे जाऊन आलो आहे. ज्यांनी एकेकाळी शेकड्यांनी गिधाडं पाहिली त्या पिढीशी बोललं की 'निरुपद्रवी औषध' हे शब्द एकत्र लिहिताना हात अडखळतो. औषध, खत, फवारणी, काहीही असो, इनॉक्युअस म्हणताना कुणासाठी ते सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

शेपटी_वळवळे
+१. कांदा आपल्याला अन्न, कुत्र्याला विष. चॉकलेटही. "गरीब आहे" म्हणून लाडाने भरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

भायखळ्याची_ट्राम
लाल_शाई यांनी टोचण्याचा उल्लेख केला, त्यावरून हाफकिन आठवले. मुंबईत प्लेगची साथ होती आणि लस निरुपद्रवी आहे हे लोकांना पटवायचं होतं. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. 'याने काही होत नाही' हे म्हणायचा अधिकार कुणाला, तर आधी स्वतःच्या दंडावर घेणाऱ्याला, असं मला वाटतं.

लाल_शाई
ट्रामताई, 'याने काही होत नाही'! हाच तो मराठी शब्द. एक शब्द नाही, अख्खं वाक्य आहे, पण इनॉक्युअसचं रोजच्या मराठीतलं रूप हेच. आपण विशेषण वापरतच नाही. "खा गं, काही होत नाही." "पडू दे पावसात, काही होत नाही."

मशेरीमुक्त_गाव
या तीन शब्दांबद्दल मला लिहायचं आहे. मी आशा सेविकांबरोबर काम करते. आमच्या भागात बायका मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि बोटाने दाताला लावायची. विचारलं तर उत्तर येतं, "तंबाखू कुठं खातो बाई आम्ही? मशेरी तर आहे, काही होत नाही." कारण नवरा विडी ओढतो, दीर गुटखा खातो, त्यांच्यापुढे ही मशेरी म्हणजे दात घासणं. गरोदरपणातही चालू असते. पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं, हे सांगितलं की बायका गप्प होतात, ऐकतात.

सुपारीचं तसंच. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, मग लोक म्हणाले आता नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही त्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही २००४ पासून कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी आखडत जाते, तोंड उघडेनासं होतं. पूजेतली, पानातली, जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवायची सुपारी! तिच्यावर संशय घ्यायला मन तयार होत नाही. लीड्सकरांनी सांगितलं ना, संशय असतो तिथे इनॉक्युअस येतं. आमची अडचण उलटी आहे. जिथे संशय यायला हवा तिथे तो येतच नाही.

लेखणीताई, तुमच्या तिळाच्या पत्रकानंतर तोंडाच्या आरोग्याचं पत्रक आलं तर त्यात 'निरुपद्रवी वाटणारी सुपारी' लिहू नका. "सुपारीने काही होत नाही असं आपण म्हणतो" असं लिहा. बायका वाचतील आणि त्यांना आपलंच बोलणं ऐकू येईल.

डॉ_वर्धा
मशेरीमुक्त_गाव, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. तोंड कितपत उघडतं ते घरी बघायची सोपी रीत म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात मावतात का ते पाहणं. मावत नसतील तर दंतवैद्याकडे जावं.

लीड्सचा_पावसाळा
धागा कुठून कुठे गेला! पण एक दिसतंय. इंग्रजीत एकच विशेषण चेंडूला, तिळाला, प्रश्नाला, जीवाणूला लागतं. मराठीत गाठ साधी, साप बिनविषारी, कुत्रा गरीब, रस्ता निर्धोक, माणूस अध्यात ना मध्यात, आणि सुपारीने 'काही होत नाही'. वस्तू बघून शब्द निवडायचा. मला यात मराठीची उणीव दिसत नाही.

मिरजेचा_तंबोरा
पण परिभाषेला एक स्थिर शब्द लागतोच. यावर मी ठाम आहे.

लेखणी_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. तंबोरेसाहेब, लिस्टेरियाबद्दल लिहीन तेव्हा निरुपद्रवीच लिहीन. पत्रकासाठी मात्र विशेषण सोडलं आणि वाक्य असं केलं:

"तीळ साधाच वाटतो, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याचा आकार, रंग किंवा कडा बदलू लागल्या तर डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरसाहेब, चालेल का?

डॉ_वर्धा
उत्तम. दोन भर घाला. तीळ ६ मिलिमीटरहून मोठा होत असेल, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढा, किंवा त्यातून रक्त येत असेल तर थांबू नये. दुसरं, हे पत्रक मूळ गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेलं असणार, त्यात पाठ आणि पोटऱ्यांवर भर असतो. बदलणाऱ्या तिळामागे असू शकणारा मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा पायाच्या तळव्यावर, हाताच्या तळव्यावर किंवा नखाखाली होतो. शेतात अनवाणी चालणारा माणूस तळव्यावरचा काळा डाग काटा मोडल्याचा समजून सोडून देतो. नखाखालचा काळा पट्टा मार लागल्याचा समजतो. "तळपाय आणि नखंही बघा" हे वाक्य नक्की टाका.

लेखणी_नाशिक
टाकते. मूळ पत्रकात तळव्यांचा उल्लेख अगदी शेवटी, एका ओळीत आहे. तो वर घेण्याची परवानगी मागते.

आयुर्वेदाची_विद्यार्थिनी
एक राहिलं. तुम्ही सगळीकडे 'तीळ' लिहिताय. आमच्या आजीच्या भाषेत कातडीला सपाट असतो तो तीळ, वर आलेला असतो तो मस. चामखीळ वेगळी, जन्मापासूनचं लासं वेगळं. नुसतं तीळ वाचून मस असलेली बाई म्हणेल, हे माझ्यासाठी नाही.

मशेरीमुक्त_गाव
बरोबर, आमच्याकडेही मसच म्हणतात.

लेखणी_नाशिक
मग 'तीळ किंवा मस' असं सगळीकडे बदलते, मथळ्यातसुद्धा. चामखीळ आणि लासं यांच्यासाठी खाली एक चौकट करता येईल. चित्रकाराला आज संध्याकाळी विचारते.